हाताने चालणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यात फिल्म भरणे

हाताने चालणाऱ्या ३५ मिमी कॅमेऱ्यात फिल्म भरणे ही फिल्म-छायाचित्रणातील पहिली कृती आहे. डबीतून बाहेर आलेले फिल्मचे टोक समोरच्या रिळात अडकवणे, फिल्मच्या दोन्ही कडांची छिद्रे दंतचक्राच्या दात्यांवर बसवणे आणि कॅमेऱ्याचे मागचे झाकण लावणे, एवढाच तिचा विस्तार आहे. सराव असलेल्या व्यक्तीला त्यासाठी अर्धा मिनिट पुरते. तथापि ही कृती चुकली, तर ती चूक कॅमेरा सहसा कळू देत नाही. तरफ नेहमीसारखी फिरते, शटर नेहमीसारखे वाजते आणि छायाचित्रे मोजणारा आकडाही पुढे सरकत राहतो. फिल्म मात्र जागची हललेली नसते. महाबळेश्वरच्या सहलीत टिपलेली छत्तीस छायाचित्रे मुळात टिपलीच गेली नव्हती, हे रोल धुवायला दिल्यानंतरच समजते.

जुना, वापरलेला कॅमेरा विकत घेतलेल्यांना ही अडचण अधिक येते. अशा कॅमेऱ्याबरोबर माहितीपुस्तिका क्वचितच मिळते. आधीच्या मालकाने तो कसा हाताळला होता, हेही ठाऊक नसते. प्रस्तुत लेखात या अडचणींची कारणे, त्या ओळखण्याच्या खुणा व उपाय दिले असून सह्याद्रीच्या माथ्यावरील दमट आणि धुळीच्या हवेत घ्यायच्या काळजीचाही विचार केला आहे.

पार्श्वभूमी

३५ मिमी रुंदीची, दोन्ही कडांना छिद्रे असलेली फिल्म मूळची चलच्चित्रासाठी तयार झाली. ती सरकवण्याचे काम छिद्रांवर अवलंबून असते, आणि एके काळी ही छिद्रेसुद्धा चित्रपट निर्माण करणाऱ्यालाच पाडावी लागत. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणला, तेव्हा छिद्रे पाडण्याचे यंत्रही सोबत आणले; कारण कच्ची फिल्म छिद्रांविना मिळत असे. अंधारात फिल्मला छिद्रे पाडणे आणि ती कॅमेऱ्यात भरणे ही कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी शिकून घेतली. ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या श्रेयात या कामाची गणना सहसा होत नाही. प्रत्यक्षात छिद्रांतील अंतर जराही चुकले असते, तर पडद्यावरील चित्र स्थिर राहिले नसते.

हीच चलच्चित्राची फिल्म आडवी धरून स्थिरचित्रणासाठी वापरण्याची कल्पना जर्मनीतील ऑस्कर बारनाक यांनी प्रत्यक्षात आणली. त्यांच्या रचनेवर आधारलेला लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला. त्या वेळी अंधाऱ्या खोलीत स्वतःच फिल्म कापून डबीत भरावी लागे. १९३४ साली कोडॅकने कारखान्यातच भरलेली, उजेडात हाताळता येणारी डबी आणली. आज दुकानात मिळणारा ३५ मिमीचा रोल त्याच डबीच्या स्वरूपातला आहे. भारतात उटी येथील हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीने ‘इंदू’ या नावाने फिल्म बनवली. महाराष्ट्रातील अनेक घरांत आगफा क्लिक ३ सारखा पेटीवजा कॅमेरा असे. त्यात मात्र कागदी पाठ असलेली, छिद्रे नसलेली १२० प्रकारची फिल्म लागते आणि ती उलट गुंडाळावी लागत नाही. या लेखातील विवेचन अशा कॅमेऱ्यांना लागू होत नाही.

कॅमेऱ्याच्या आतील रचना

मागचे झाकण उघडल्यावर डावीकडे डबीचा खण, मध्ये शटरची चौकट आणि उजवीकडे फिल्म गुंडाळून घेणारे रीळ दिसते. चौकट व रीळ यांच्यामध्ये दोन्ही कडांना दाते असलेले दंतचक्र असते. झाकणाच्या आतल्या बाजूस स्प्रिंगवर बसवलेली गुळगुळीत दाबपट्टी असते. ती फिल्मला चौकटीसमोर सपाट धरते. डबीच्या खणावर, कॅमेऱ्याच्या माथ्यावर रिवाइंडची खुंटी असते आणि तिच्या खालच्या टोकाचे दुबेळके डबीतील गाभ्यात अडकते.

एका छायाचित्राची चौकट ३६ मिमी लांब व २४ मिमी उंच असते. प्रत्येक वेळी फिल्म आठ छिद्रांइतकी, म्हणजे ३८ मिमी पुढे सरकते आणि दोन चौकटींमध्ये २ मिमीची कोरी पट्टी राहते. हे माप ठरवण्याचे काम दंतचक्र करते. उजवीकडचे रीळ केवळ आलेली फिल्म गुंडाळून घेते. रिळावर फिल्मचे थर चढत जातात तसा त्याचा व्यास वाढतो, म्हणून ते घट्ट जोडलेले नसून घर्षणाच्या जोरावर फिरते आणि गरजेप्रमाणे घसरते. जुन्या कॅमेऱ्यांतील निम्म्या अडचणी या दोघांची कामे वेगळी आहेत हे लक्षात घेतले की उलगडतात.

भरण्याची रीत

झाकण उघडण्यापूर्वी रिवाइंडची खुंटी बाणाच्या दिशेने हलक्या हाताने फिरवून पाहावी. ती थोडी फिरून अडली, तर कॅमेऱ्यात आधीच फिल्म आहे असे समजावे. जुन्या बाजारातून घेतलेल्या किंवा घरातल्या माळ्यावर सापडलेल्या कॅमेऱ्यात आधीच्या मालकाचा अर्धवट रोल राहून गेलेला असणे दुर्मीळ नाही. तो आधी रिवाइंड करून बाहेर काढावा. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या फिल्मवरूनही, फिकट का होईना, चित्रे मिळू शकतात. कुणाच्या तरी घरातील ती एकमेव छायाचित्रे असू शकतात. उत्सुकतेपोटी झाकण उघडल्यास ती एका क्षणात नाहीशी होतात.

कॅमेरा रिकामा असल्याची खात्री झाल्यावर खुंटी वर ओढून झाकण उघडावे. गाभ्याचा बाहेर आलेला भाग बहुतेक कॅमेऱ्यांत तळाकडे येईल अशा रीतीने डबी खणात ठेवावी, खुंटी खाली दाबावी आणि दुबेळके गाभ्यात बसेपर्यंत ती किंचित फिरवावी. फिल्मची चकचकीत बाजू पाहणाऱ्याकडे आणि मंद, मातकट बाजू लेन्सकडे असते. टोक ओढून उजव्या रिळाच्या फटीत घालावे, दोन्ही कडांची छिद्रे दात्यांवर आली आहेत हे पाहावे आणि झाकण उघडे असतानाच तरफ एकदा फिरवावी. वरच्या व खालच्या दोन्ही दात्यांवर छिद्रे नीट बसली आणि रिळावर फिल्मचा एक वेढा सरळ चढला, तरच झाकण लावावे. या टप्प्यावर वाचवलेली दोन इंच फिल्म पुढे सबंध रोल घालवू शकते. तिचा लोभ धरू नये.

झाकण लावल्यानंतर रिवाइंडची खुंटी बाणाच्या दिशेने, ती अडेपर्यंत अलगद फिरवावी. त्यामुळे डबीतील सैल वेढे आवळले जातात. त्यानंतर तरफ ओढताना खुंटी उलट दिशेने फिरते का, याकडे लक्ष ठेवावे. दोन कोरी छायाचित्रे घेतल्यावर आकडा १ वर येतो. शेवटी फिल्मचा आयएसओ आकडा कॅमेऱ्याच्या तबकडीवर लावावा.

फिल्म पुढे न सरकणे

ही सर्वांत अधिक आढळणारी आणि सर्वांत उशिरा उघडकीस येणारी अडचण होय. टोक रिळाच्या फटीत पुरते गेलेले नसले किंवा गेल्यावर निसटले, म्हणजे दंतचक्र रिकाम्या जागी फिरत राहते. बहुतेक हातचालित कॅमेऱ्यांतील आकडा फिल्म मोजत नाही, तो तरफेच्या फेऱ्या मोजतो. म्हणूनच आकड्यावर विसंबणारा फसतो.

खरी साक्ष रिवाइंडच्या खुंटीची असते. फिल्म डबीतून बाहेर येत असेल, तर गाभा फिरतो आणि गाभ्याबरोबर खुंटी फिरते. फिल्म थांबली की खुंटी थांबते. खुंटी किती फिरावी याचाही अंदाज बांधता येतो. छत्तीस चित्रांच्या रोलमध्ये सुरुवातीला गाभ्यावर जाड गुंडाळी असते, त्यामुळे एका चित्रासाठी खुंटी अर्ध्या फेऱ्याहून थोडीच अधिक फिरते. रोल संपत येईल तसा गाभा उघडा पडतो आणि तेवढ्याच फिल्मसाठी पूर्ण फेरा किंवा त्याहून किंचित अधिक लागतो. सैल वेढे आधी आवळून घेतले नसतील, तर पहिल्या दोन-चार चित्रांपर्यंत खुंटी हलत नाही आणि रोल नीट भरलेला असूनही नवशिका घाबरून झाकण उघडतो. आवळण्याची पायरी गाळू नये ती यासाठी.

काही छायाचित्रे घेऊन झाल्यावर शंका आली, तर झाकण न उघडता खातरजमा करता येते. तळाचे रिवाइंडचे बटण न दाबता खुंटी बाणाच्या दिशेने हलकेच फिरवावी. थोडी फिरून ती ठामपणे अडली, म्हणजे फिल्म दात्यांत अडकलेली आहे. ती अडथळ्याविना फिरतच राहिली, तर फिल्म रिळावर नाही. ती तशीच फिरवत राहिल्यास बाहेरचे टोकही डबीत ओढले जाते, म्हणून तेथेच थांबावे. आकडा ३६ ओलांडून ३९-४० वर गेला आणि तरीही तरफ सहज फिरत असेल, तर त्याचा अर्थही हाच. अशा वेळी एक गोष्ट बरी असते: फिल्म कोरीच आहे, ती पुन्हा भरून वापरता येते. गेलेले प्रसंग मात्र परत येत नाहीत. लग्नाच्या रोलबाबत असे घडले की जुन्या स्टुडिओवाल्यांना तोंड लपवावे लागे. म्हणूनच अनेक व्यावसायिकांना प्रत्येक चित्रानंतर डोळ्याच्या कोपऱ्यातून खुंटीकडे पाहण्याची सवय जडलेली असे.

टोक का निसटते, याची कारणे वेगवेगळी आहेत. फटीत टोक जेमतेम घातलेले असणे हे पहिले. रिळाची फट झिजलेली किंवा तिचा प्लॅस्टिकचा दात मोडलेला असणे हे जुन्या कॅमेऱ्यांतील नेहमीचे. अशा रिळात टोक घालण्यापूर्वी त्याच्या शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरला उलटी घडी घातल्यास पकड बसते. चिकटपट्टी लावून टोक रिळाला चिकटवण्याचा उपाय काही जण करतात, तो टाळावा. रिवाइंड करताना पट्टी सुटली नाही, तर फिल्म फाटते आणि पट्टीचा डिंक आत राहतो.

आणखी एक दोष बाहेरून दिसत नाही. रिळाला फिरवणारे घर्षण कमी झाले असेल, तर दंतचक्र फिल्म पुढे ढकलत राहते, पण रीळ ती ओढून घेत नाही. मधल्या अरुंद जागेत फिल्मच्या चुण्या पडतात, आणि काही चित्रांनंतर तरफ जड होऊन अडते. याची परीक्षा रिकाम्या कॅमेऱ्यावर करावी. झाकण उघडे ठेवून रीळ बोटाने हलके धरावे व तरफ ओढावी. बोटाला स्पष्ट ओढ जाणवली आणि जोराने धरल्यावरच रीळ घसरले, तर घर्षण ठीक आहे. नुसत्या स्पर्शाने रीळ थांबत असेल, तर कॅमेरा कारागिराकडे न्यावा. हे काम घरी करण्याजोगे नाही.

टोकाची छिद्रे फाटलेली असल्यास दाते रिकाम्या खाचेत फिरतात. फाटलेला भाग कात्रीने कापून टाकावा आणि मूळच्या टोकासारखाच एका बाजूने अरुंद आकार द्यावा. काप दोन छिद्रांच्या मधून जावा, छिद्राच्या मध्यातून नव्हे. अन्यथा कोपरा दात्यात अडकतो. झोर्की व फेड यांच्या काही जुन्या सोव्हिएत कॅमेऱ्यांत आणि आरंभीच्या लायकांमध्ये मागचे झाकण नसून फिल्म तळाकडून सरकवावी लागते. त्यांना सुमारे १० सेंटिमीटर लांबीचे अरुंद टोक लागते. आजच्या रोलचे टोक त्याहून आखूड असल्याने ते न कापता घातल्यास कड चौकटीत अडकून फिल्मचे तुकडे शटरमध्ये पडतात. या कॅमेऱ्यांतील उजवे रीळ बाहेर काढता येते. जुना कॅमेरा घेताना ते जागेवर आहे की नाही हे आधी पाहावे.

तरफ अडणे

रोलच्या शेवटी तरफ अडणे स्वाभाविक आहे; फिल्मचे दुसरे टोक गाभ्याला चिकटवलेले असते. तेथे जोर केल्यास ते टोक सुटते किंवा छिद्रे फाटतात. हातांनी भरलेल्या पुनर्वापराच्या डब्यांत टोक साध्या चिकटपट्टीने लावलेले असते, म्हणून धोका अधिक. रोल नेमका किती चित्रांचा आहे हे विसरल्याने चोवीस चित्रांच्या रोलवर छत्तीससाठी जोर लावला जाणे ही यातील अगदी सामान्य चूक आहे.

तरफ मध्येच, उदाहरणार्थ आठव्या किंवा पंधराव्या चित्राला अडली, तर प्रथम शटर आधीच ताणलेले नाही ना हे पाहावे. ताणलेल्या शटरवर तरफ पुन्हा फिरत नाही, हा दोष नसून सोय आहे. विजेवर चालणाऱ्या शटरच्या कॅमेऱ्यांत, जसे कॅनन एई-१, बॅटरी संपल्यावर शटर सुटत नाही आणि त्यामुळे तरफही अडते. अनेक कॅमेरे या एका कारणाने ‘बिघडलेले’ म्हणून कमी किमतीत विकले गेले आहेत. पेंटॅक्स के-१०००, निकॉन एफएम यांच्यासारख्या पूर्णतः यांत्रिक शटरच्या कॅमेऱ्यांत बॅटरी केवळ प्रकाशमापकाला लागते.

ही दोन्ही कारणे नसतील, तर जोर न करता रोल रिवाइंड करून घ्यावा. जुनी ॲसिटेट फिल्म जोराने फाटते, तर पॉलिएस्टरची फिल्म फाटत नाही आणि सगळा ताण कॅमेऱ्याच्या दातेरी चाकांवर येतो. त्यामुळे पॉलिएस्टर फिल्म असताना केलेली घाई अधिक महाग पडते.

रिवाइंड आणि फाटलेली फिल्म

रिवाइंड करताना तळाचे बटण दाबल्याने दंतचक्र मोकळे होते. बटण नीट दाबले गेले नाही, तर खुंटी जड फिरते आणि दाते छिद्रे फाडत जातात. काही कॅमेऱ्यांत बटण एकदा दाबल्यावर आतच राहते, तर काहींत ते शेवटपर्यंत दाबून धरावे लागते. उलट, आधीच्या रोलनंतर ते आतच चिकटून राहिले, तर पुढच्या रोलमध्ये दंतचक्र फिल्मला नेमके माप देत नाही आणि चित्रे एकमेकांवर चढतात. चिकटलेले बटण हे जुन्या वंगणाचे लक्षण समजावे.

खुंटी फिरवताना शेवटी एक बारीकसा झटका जाणवतो आणि त्यानंतर ती एकदम हलकी होते. टोक उजव्या रिळातून सुटल्याची ती खूण आहे. आणखी दोन-चार फेरे देऊन मगच झाकण उघडावे. खुंटी पहिल्या फेऱ्यापासूनच हलकी असेल, तर दोन शक्यता उरतात: फिल्म रिळावर कधी चढलीच नव्हती, किंवा ती गाभ्यापासून तुटून संपूर्ण उजव्या रिळावर आहे. पहिल्या शक्यतेत नुकसान वेळेचे, दुसऱ्या शक्यतेत उजेडात झाकण उघडल्यास सर्व चित्रांचे. आकडा ३६ च्या आसपास असताना तरफेवर जोर केल्याचे आठवत असेल, तर दुसरी शक्यता धरून चालावे.

तुटलेली फिल्म काढण्यासाठी पूर्ण अंधार लागतो. छायाचित्रकारांकडे त्यासाठी बाह्या असलेली काळी दुहेरी पिशवी असते. ती नसल्यास रात्री, खिडकी नसलेल्या न्हाणीघरात दिवे मालवून आणि दाराच्या फटीला टॉवेल लावून हे काम करता येते. पाच मिनिटे डोळे सरावल्यावरही हात दिसत नसेल, तर अंधार पुरेसा आहे. फिल्म कडांनाच धरून गुंडाळावी आणि रोलबरोबर मिळणाऱ्या काळ्या झाकणाच्या डबीत ठेवावी. ती डबी अर्धपारदर्शक असल्यास वरून काळा कागद गुंडाळावा. धुणाऱ्यास आत फिल्म सुटी आहे हे डबीवर ठळक लिहून कळवावे. ते न कळवल्यास तो डबी उजेडात उघडण्याची शक्यता असते.

झाकण चुकून उघडले गेले, तर ताबडतोब बंद करावे. डबीतील न वापरलेली फिल्म सुरक्षित असते. उजव्या रिळावरील बाहेरचे वेढे खराब होतात, आतले पुष्कळदा वाचतात. या एका चुकीसाठी सबंध रोल फेकून देऊ नये.

प्रकाशगळती व ओरखडे

१९६० नंतरच्या बऱ्याच जपानी कॅमेऱ्यांत झाकणाच्या खोबणीत काळा स्पंज लावलेला असतो. काळाने तो विरघळून डांबरासारखा चिकट होतो, फिल्मवर नारिंगी पट्टे उमटतात आणि त्याचे कण शटरच्या पडद्यावर जाऊन बसतात. जुना स्पंज लाकडी काडीने खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा व नवा लावावा. पडद्याला अल्कोहोल किंवा बोट लागू देऊ नये. फिल्मच्या लांबीला समांतर जाणारा सरळ ओरखडा बहुधा दाबपट्टीवरील किंवा डबीच्या मखमली फटीतील कणाचा असतो. एकाच चित्रावरील वेडावाकडा ओरखडा धुताना किंवा नंतर पडलेला असतो.

महाबळेश्वरच्या हवेत

महाबळेश्वर सह्याद्रीच्या माथ्यावर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात धुके घरात शिरते, कपड्यांना व चामड्याला बुरशी येते. फिल्मचा रासायनिक थर जिलेटिनचा असतो आणि जिलेटिन हवेतील ओल शोषून फुगते. पावसाळाभर कॅमेऱ्यात एकाच जागी ताणून राहिलेली फिल्म चिकट होऊन पुढे सरकताना अडते, आणि ती ओढल्यावर दोष कॅमेऱ्याला दिला जातो. म्हणून पावसाळ्यात घाटमाथ्यावर अर्धवट रोल आठवडेच्या आठवडे कॅमेऱ्यात ठेवू नये. कॅमेरा चामडी आवरणात न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणबंद डब्यात ठेवावा. रोलच्या वेष्टनाचे सील वापरण्याच्या वेळीच उघडावे.

हिवाळ्यात अडचण उलटी असते. डिसेंबर-जानेवारीतील थंड पहाटे वेण्णा तलावाच्या परिसरात कधी कधी दवही गोठते. सूर्योदयासाठी विल्सन पॉइंटवर नेलेला कॅमेरा परत उबदार खोलीत आणताच त्यावर आणि त्याच्या आत दव धरते. अशा वेळी बाहेर असतानाच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे आणि तो खोलीच्या तापमानाला आल्यावर पिशवी उघडावी. कोरड्या थंडीत फिल्म काहीशी ठिसूळ होते. ती भराभर गुंडाळल्यास घर्षणाने स्थिर वीज निर्माण होते आणि फिल्मवर विजेच्या फांद्यांसारख्या रेषा उमटतात. तरफ व खुंटी सावकाश फिरवणे हाच त्यावर उपाय आहे.

जांभ्याच्या तांबड्या धुळीचा विचार पर्यटक बहुधा करीत नाहीत. महाबळेश्वर व पाचगणीचे पठार जांभा दगडाचे आहे. पाचगणीच्या टेबललँडवर घोड्यांच्या टापांनी उडणारी धूळ बारीक आणि खरखरीत असते. उघड्या कॅमेऱ्यात ती गेल्यास दाबपट्टीवर बसते आणि पुढच्या प्रत्येक चित्रावर रेघ ओढते. रोल बदलायचा असेल तर वाऱ्याकडे पाठ करून, शक्यतो गाडीत किंवा आडोशाला बदलावा. उघड्या पठारावर ऊनही थेट पडते. डबीच्या मखमली फटीतून प्रखर ऊन आत झिरपू शकते, म्हणून निदान स्वतःच्या अंगाच्या सावलीत तरी फिल्म भरावी. बॉम्बे पॉइंटवर सूर्यास्ताच्या शेवटच्या काही मिनिटांत रोल संपणे हा अनेकांचा अनुभव असतो, आणि घाईने भरलेला रोल निसटतो तो अशाच वेळी. आकडा ३० च्या पुढे असेल, तर उरलेल्या चित्रांचा मोह सोडून सूर्य टेकण्याच्या आधीच रोल बदलणे शहाणपणाचे.

जुना कॅमेरा घेताना

मुंबईतील चोर बाजार, फोर्टमधील बोरा बाजार परिसरातील कॅमेऱ्यांची दुकाने आणि पुण्यातील बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार या ठिकाणी वापरलेले कॅमेरे मिळतात. विक्रेता सहसा शटरचा आवाज ऐकवतो आणि लेन्स दाखवतो. फिल्म सरकते की नाही हे तो दाखवत नाही, म्हणून घेणाऱ्याने मुदत उलटलेला किंवा वाया गेलेला एक रोल खिशात ठेवावा. झाकण उघडे ठेवून तो भरावा आणि दहा-बारा वेळा तरफ ओढून छिद्रे दात्यांवरून उचलली जात नाहीत ना हे पाहावे. झाकण बंद केल्यावर आकडा पुढे सरकतो आणि उघडताच मागे येतो, हेही तपासावे. आकड्याची स्प्रिंग तुटलेला कॅमेरा वापरता येतो, मात्र चित्रे कागदावर मोजावी लागतात.

फिल्म नेमकी किती सरकते याची परीक्षा थोडा वेळ घेते. त्याच वाया गेलेल्या फिल्मवर, झाकण उघडे असताना, चौकटीच्या डाव्या कडेला लागून टोकदार पेनने रेघ ओढावी, शटर सोडावे, तरफ पूर्ण ओढावी आणि पुन्हा त्याच जागी रेघ ओढावी. फिल्म झाकणाविना सैल राहू नये म्हणून डबी अंगठ्याने किंचित दाबून धरावी. असे दहा वेळा केल्यावर फिल्म बाहेर काढून रेघांमधील अंतर पट्टीने मोजावे. सर्व अंतरे ३८ मिमीच्या जवळपास असली, तर दंतचक्र व त्याची चाके सुस्थितीत आहेत. एखादे अंतर ३६ मिमीहून कमी भरले, तर तेथे दोन चित्रे एकमेकांवर चढणार. सगळीच अंतरे अनियमित असतील, तर रिवाइंडचे बटण पूर्ण बाहेर आलेले आहे का हे प्रथम पाहावे. ते बाहेर असूनही अंतरे तशीच राहिली, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करूनच व्यवहार करावा.